सिस्टर चार्ज देतात

"आजी, रात्री आपल्याला झोप लागते ना नीट?"

केअर मॅनेजर बाईंनी एवढं विचारलं मात्र, लेकीने कपाळाला हात लावला. झालं, संपलं! आईला कोणी 'आजी' म्हटलेलं खपत नसे, आणि असं लाडीगोडीचं 'आपल्याला' तर त्याहून नाही.

"मला लागते," खुर्चीत ताठ बसलेली आई म्हणाली. "तुझं तू बघ. आणि आजी कोणाची गं? मला सिस्टर म्हणतात."

खरंच म्हणत. नोकरी संपून जमाना लोटला, तरी कोपऱ्यावरच्या न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची ती सिस्टरच होती. मोठ्या दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड तिने असा चालवला होता, की भले भले डॉक्टर तिथे बुटांचा आवाज न करता येत. आणि आता हीच बाई न्हाणीघरात पडत होती, दुधाची पातेली जाळत होती, रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते आठवेना म्हणून पुन्हा घेत होती. बोलायला जावं तर वर, "मला काही धाड भरलेली नाही!"

लेक दुसऱ्या गावी नोकरीला. आई दोनदा पडल्याचं कळलं तशी रजा टाकून धावत आली होती, आणि आज संध्याकाळच्या गाडीने तिला परतायचं होतं. आई काही तिच्याकडे यायला तयार नव्हती. "तुझ्या त्या काडेपेटीत मी यायची नाही," असं तिने साफ सांगून टाकलं होतं. मग कोणीतरी सुचवलं, की हल्ली अशी माणसं मिळतात. डॉक्टर, औषधं, दिवसभराची बाई, गुडघ्यांचा व्यायाम घेणारा, या सगळ्यांची मोट एकच माणूस बांधतं आणि घरच्यांना फोनवर कळवत राहतं. पहिली आली ती चहा निवायच्या आत पळाली. दुसरीला आईने वाढलेल्या नखांवरून असं झापलं, की तिने नंतर फोनच उचलला नाही. ही तिसरी. हीसुद्धा गेली तर नोकरीवर पाणी सोडायचं, असं लेकीने मनाशी ठरवून टाकलं होतं.

तिसरी मात्र चिवट निघाली. "बरं, सिस्टर. गोळ्या कुठे ठेवता, तेवढं दाखवता?"

"का म्हणून? उद्या म्हणशील कपाटाच्या किल्ल्या दे."

"आई, अगं मदतीला आल्यात त्या."

"मी बोलावलं होतं? माझा वॉर्ड मी बघते."

वॉर्ड! घर म्हणायचं होतं तिला. लेकीच्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं. शाळा सुटली की ती वॉर्डाच्या दाराशी जाऊन थांबायची. आईची पाळी संपलेली असायची, पण आई काही हलायची नाही. पुढच्या पाळीच्या सिस्टरला घेऊन एकेका खाटेशी उभी राहायची. हिचं सलाईन संपत आलंय, ही जेवत नाही, ही भिंतीकडे तोंड करून रडते. असा सगळा चार्ज दिल्याशिवाय ती एकदाही घरी निघाली नव्हती. लेकीच्या पोटात कावळे ओरडायचे. मग एकदाची आई बाहेर यायची, तिच्या कडक इस्त्रीच्या गणवेशाला स्पिरिटचा वास यायचा, आणि तिच्या कुशीला चिकटून घरी चालत जायचं. तसं सुख लेकीला पुढे कुठेच मिळालं नाही. किती छान दिवस होते ते!

"आई," ती एकदम म्हणाली, "या पुढच्या पाळीच्या आहेत. यांना चार्ज द्यायचाय."

आई बघतच राहिली. "मग हे आधी नाही का सांगायचं? तोंडात गुळणी धरून बसली होतीस?" मग बाईंकडे वळून, "उशीर केलास तू."

"चुकलं, सिस्टर."

खुर्चीच्या हाताला धरून आई उठली. केस सारखे केले, आणि बाईंना घेऊन आतल्या खोलीत स्वतःच्याच पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. पलंग रिकामा होता.

"ही पेशंट," ती म्हणाली. "गुडघे गेलेत, रक्तदाब आहे. गोळी हातात देऊन निघून जाऊ नकोस, तोंडात जाईपर्यंत उभी राहा. विसरते, आणि विसरले म्हणून कबूल करत नाही. थापाडी आहे एक नंबरची."

"बरं. पडल्या होत्या ना?"

"दोनदा, असं लेकीला सांगितलंय. पण ते खरं नाही. सारखी पडते."

लेकीने दाराची चौकट घट्ट धरली. आई खरंच वॉर्डात जाऊन पोचली होती की सगळं समजून उमजून बोलत होती, तिला कळेना. विचारायची हिंमतही होईना.

"स्वभाव कसा आहे, सिस्टर?"

"तिखट. मनावर घ्यायचं नाही. अंधाराची भीती वाटते तिला. दिवा चालू ठेवत जा, पण तिच्यासाठी ठेवलाय म्हणू नकोस, मालवायचा राहिला म्हण."

"आणि नातेवाईक?"

"मुलगी आहे. फार गुणी. लहानपणी दारात ताटकळत ठेवली तिला, पेशंटला त्याची अजून रुखरुख लागते. नोकरी सोडायचं चाललंय तिच्या डोक्यात. पेशंटला वाटतं तिने सोडू नये. तेवढं बघ."

"बघते. चार्ज घेतला, सिस्टर."

आई पलंगाच्या कडेवर टेकली. पाय वर घ्यायला गेली, जमेना. बाईंनी ते उचलून वर ठेवले, आणि आईने ठेवू दिले. लेक चादर ओढायला पुढे झाली, तशी आईने डोळे मिटून घेतले.

"नातेवाईकांना सांग निघायला," ती बाईंना म्हणाली. "गाडी चुकेल त्यांची."

जन्मात पहिल्यांदा आईने तिला अहोजाहो केलं होतं. लेकीने बॅग उचलली. वॉर्डात मोठ्याने बोलायचं नसतं, म्हणून 'येते गं' ती मनातल्या मनात म्हणाली, आणि दार हलकेच ओढून घेतलं.