हवा पाहून घेजो

मित्रांनो, वारा नसतानाही जी हलत राहते, ती मी एक जुनी चाबी. दात झिजलेले, गळ्यात लाल धागा, धाग्यात एक पितळी घुंगरू. आता त्याच्या शेजारी पोलिसांनी बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठीही आहे. ती कशी आली, ते सांगते.

कारखान्यातलं मला एवढंच आठवतं की एक चाक किणकिणत फिरलं आणि मला दात आले. पुढचं सारं आयुष्य गेलं आंधळगावात, भैयाजींच्या ओसरीवर, दाराजवळच्या खिळ्यावर. त्यांच्या पांढऱ्या व्हॅनची मी चाबी. पण तिथे चाबी मागायची रीत नव्हती, आवाज द्यायची होती. "भैयाजी, चाबी नेऊन राहिलो!" आतून उत्तर यायचं, "हवा पाहून घेजो!" म्हणजे टायरमधली हवा पाहा आणि खुशाल न्या. त्या तीन शब्दांवर मी किती वरातींना गेले, किती लेकींना माहेरी आणलं! लोक कौतुकानं म्हणायचे, भैयाजीची गाडी म्हणजे गावची गाडी.

दसऱ्याला भैयाजींच्या पत्नी ललिताबाई मला हळदकुंकू लावायच्या. गाडीला झेंडूची माळ असायची. विम्याचा कागद मात्र मुदत संपून दोन दसरे गाडीच्या खणात पडून होता. ललिताबाईंनी आठवण दिली की भैयाजी हसायचे, "काढू ना! गाडी जाते कोठी? तुमसर, नाई त आंबागड."

मग धान निघालं. एका दुपारी शेजारच्या प्रफुल्लला आंबागडहून आईला आणायचं होतं. त्यानं आवाज दिला. भैयाजी आंघोळीला बसले होते. तिथूनच ओरडले, "हवा पाहून घेजो!" प्रफुल्लनं चारही चाकं दाबून पाहिली, खिशातलं लायसन्स पाहिलं. खण त्यानं उघडला नाही.

आंबागडच्या अलीकडे अर्ध्या रस्त्यावर धान वाळत घातलं होतं, कडेला दगड मांडून. समोरून ट्रॅक्टर आला. त्याला वाट देताना आपल्या गाडीचं चाक धानावर जाणार, एवढंच प्रफुल्लला दिसलं. अन्नाला पाय लागला तर हात जोडणारा माणूस तो! ट्रॅक्टर बाजूनं निघून जाताच त्यानं स्टेअरिंग दुसऱ्या कडेला ओढलं. त्या कडेला धान वाळवणारी देवकाबाई पोतं झटकत उभी होती.

माझं घुंगरू काचेसारखं खळ्ळ वाजलं. धानाचा दाणा हलला नव्हता. देवकाबाईचा पाय दोन ठिकाणी मोडला होता.

प्रफुल्लनंच तिला त्याच गाडीतून तुमसरच्या दवाखान्यात नेलं. खाटेवरून ती त्याला म्हणाली, "धान वाचवलं बापा तू, धानवालीले नाई वाचवलं. आता माह्या वाटचा रोवणा कोन करन? चिखलात उभा राहाले पाय लागते ना!"

मी त्याच्या मुठीत होते, ओली झाले होते.

निरोप मिळताच भैयाजी आले होते. व्हरांड्यात त्यांचे मेव्हणे मारोतराव त्यांना बाजूला घेऊन कुजबुजत होते. पण मुठीलाही कान असतात. "भाऊजी, इमा नाई म्हटल्यावर सारी भरपाई तुमच्यावर येते. सांगून टाका, न इचारता नेली. तुमी सुटता. इचारलं कोठी होतं त्यानं? आवाजच त देला!"

भैयाजींनी दारातून देवकाबाईच्या खाटेकडे पाहिलं. प्रफुल्लच्या मुठीत मी उलटसुलट होत राहिले. मला तोंड असतं तर!

दुसऱ्या दिवशी ठाण्यात हवालदारानं मला टेबलावर ठेवलं. "बोला भैयाजी. गाडी यानं मांगून नेली का न मांगता?"

मारोतराव खाकरले. भैयाजींनी माझ्याकडे पाहिलं.

"मांगली नाई," ते म्हणाले.

प्रफुल्लची मान खाली गेली.

"मांगाची रीतच नाई आमच्याकडं. त्यानं आवाज देला, मी म्हटलं हवा पाहून घेजो. हवा त्यानं पाह्यली, साहेब. कागद पाहाचं काम माहं होतं. लिहा, चाबी मीच देली."

मारोतराव उठून बाहेर गेले. हवालदारानं लिहिलं, आणि माझ्या गळ्यात चिठ्ठी पडली.

खटला अजून भंडाऱ्याच्या न्यायालयात आहे, दोघांच्याही नावानं. तारखेला दोघं एकाच एसटीनं जातात. गाडी ठाण्याच्या आवारात उभी आहे, तिच्या टपावर गवत उगवलंय. देवकाबाई काठी टेकत चालते. यंदाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, तिनं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून पाहिला. मित्रांनो, ते ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही. कुणाच्या खिळ्यावरची चाबी उचलाल तेव्हा आधी गाडीचा कागद पाहा. आणि तुमच्या खिळ्यावर चाबी टांगाल, तेव्हा तर पाहाच.

मी अजून ठाण्यातच आहे; परवा प्रफुल्ल इथे हवालदाराला सांगत होता. माझ्या खिळ्यावर आता भैयाजींच्या मोटरसायकलची चाबी असते. कुणी आवाज दिला की आतून ललिताबाई ओरडतात, "हवा पाहून घेजो! अन् कागदावरची तारीख मोठ्यानं वाचून दाखवजो, मले आयकू आली पाह्यजे!"

खोलीत वारा नव्हता. माझं घुंगरू वाजलं.