फुकटातलं सगळ्यात चांगलं

रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंचं डोकं सकाळपासून तापलं होतं. साहेबांनी फर्मान काढलं होतं: डेटाबेस हाताळायची तीन फुकट साधनं घ्या, वेगवान कुठलं, न अडखळता चालणारं कुठलं, ते आजच सांगा. सांगायला काय जातं! चाचणीसाठी दिलेल्या प्रतीत मूठभर नोंदी. तिथं कुठलंही साधन पळणारच. म्हणून वैतागून बाईंनी चक्क खऱ्या डेटाबेसलाच हात घातला. रुग्णांच्या सगळ्या नोंदींत आहे तेच पुन्हा लिहायचं, म्हणजे बिघडायची भीती नाही.

पहिल्या साधनानं काम चुटकीसरशी उरकलं. दुसरं मात्र ढिम्म. स्क्रीनवरचं चक्र आपलं फिरतंय, फिरतंय. बंद केलं, पुन्हा उघडलं, तेच. तिसरं तर जागच्या जागी गोठलं. "मेल्यांनो, फुकट आहात म्हणून काय झोपा काढाल?" बाई करवादल्या आणि अहवालात दोघांच्याही पुढे 'भरवशाचं नाही' असं ठोकून दिलं.

एवढ्यात खालच्या नोंदणी काउंटरवरून त्यांच्या नणंदेचा फोन आला. ती तिथं नवीनच लागली होती. तिचं प्रोबेशन आज संपत होतं आणि तिला कायम करायचं की नाही ते ठरवायला सुपरवायझर सकाळपासून तिच्या मागे उभा होता.

"अगं, जुन्या पेशंटची नोंद सेव्हच होत नाहीये. लोक ओरडायला लागलेत."

"ताई, तुम्ही घाईघाईत भलतं बटण दाबत असाल. तुमच्याकडंच काहीतरी चुकतंय. मला इथं मरायला फुरसत नाहीये," म्हणत बाईंनी फोन आपटला. तो पुन्हा वाजला, तेव्हा त्यांनी उचललाच नाही.

तिसऱ्याचा अडेलपणा पुराव्यानिशी दाखवावा, म्हणून त्यांनी सर्व्हरवर कोण कुणासाठी थांबलंय ते तपासलं. सगळे पहिल्या साधनासाठी थांबले होते. त्यात बदल पक्का करायचं बटण आपणहून दाबावं लागतं. बाकीच्या दोघांत ते आपोआप होतं. बाईंनी ते दाबलंच नव्हतं. त्यामुळे पहिल्यानं सगळ्या नोंदी मुठीत धरून ठेवल्या होत्या, दुसऱ्या कुणाला त्यांत काही लिहिताच येईना. बाकीची दोन बिचारी रांगेत उभी होती आणि त्यांच्या मागे नणंदेचा काउंटर.

काय हा गाढवपणा! बटण दाबताच सगळं मोकळं झालं. बाईंनी घाईघाईनं खाली फोन लावला.

"झालं गं सुरू," नणंदेचा आवाज पार बसला होता. "पण मला उठवलं काउंटरवरून. उद्यापासून येऊ नका म्हणाले. चूक कुणाची, असं विचारलं त्यांनी. तुला यातलं कळतं, म्हणून तू म्हणालीस तेच सांगितलं. म्हटलं, माझीच चूक आहे."

बाईंना स्वतःचा असा संताप आला की डोळ्यांत पाणीच उभं राहिलं. तेवढ्यात साहेब दारात येऊन उभे.

"काय मग, कुठलं चांगलं निघालं?"

"ते राहू द्या, साहेब. आधी माझ्याबरोबर खाली चला. माझ्या चुकीपायी नोंदणीच्या सुपरवायझरनं भलत्याच माणसाला काढलंय."