कोळशाची साक्ष

चौऱ्याण्णव सालचा भादवा. आखातातल्या अल ऐनच्या पलीकडं, वाळूच्या मांडीवर बसलेल्या खजुराच्या मळ्यात आम्ही चौघं आळी खोदत होतो. ऊन असं की कुदळीच्या दांड्यानंसुद्धा हात सोडून सावलीला पळावं. तेवढ्यात रफिक ड्रायव्हर टपाल घेऊन आला आणि मळ्याचं पाणी बघणारे आमचे वोयतेक साहेब चिठ्ठी वाचता वाचता मटकन पाण्याच्या नळीवरच बसले.

साहेब झेक देशातले, ओल्शिंका गावचे. साठ उंबरे, तळ्यात मासे, टेकडीवर इवलं चर्च, खाली ओढा आणि ओढ्याला टेकून रान. जेवणाच्या सुट्टीत साहेब वाळूत खजुराच्या बिया मांडून गाव उभं करायचे, अन् आमच्यातला वडीलधारा अंबादास त्यात शिरून घर न् घर विचारायचा. दोघांची हिंदी सारखीच लंगडी, म्हणून जोडीनं बरी चालायची.

चिठ्ठी बापाची होती. चाळीस वर्षांमागं तिथल्या सरकारनं गावचे सगळे बांध नांगरून एकच शेत केलेलं. आता राज्य पालटलं, ज्याची त्याला जमीन मिळाली, पण बांध कुठं होता ते ठरेना. मोजणीवाल्याची पाळी दोन वर्षांनी.

"समदंच बांध नांगरलं?" अंबादासनं कुदळ टाकली. "मग चाळीस साल मान्सं भांडली तरी कशावरनं?"

शेजारी म्हणत होता, ओढ्याकडची अकरा पावलं माझी. त्या अकरा पावलांत, जमीन परत मिळाल्यावर, साहेबांच्या आईनं मरायच्या आदल्या साली लावलेली आलुबुखाराची पाच झाडं होती. शेजारी ती तोडणार होता. सांगता सांगता साहेबांनी वाळूतल्या पाच बियांवर हात धरला, जणू तिथंच कुणी कुऱ्हाड उगारली होती.

अंबादासनं विचारलं, बांधाचा दगड कुठं होता? साहेब म्हणाले, बाप सांगायचा, आता झाडं आहेत त्यांच्या पार पलीकडं. लहानपणी त्यावर बसून तो भाकरी खायचा. तो दगड नांगरात गेला.

"दगुड जाऊ द्या," अंबादास म्हणाला. "खालचा कोळसा कुटं जातोय?"

मग त्यानं समजावलं. आमच्याकडं बांधाचा दगड रोवताना खाली कोळसा आन् फुटकं खापर पुरतात. दगड माणसाचं ऐकतो, कोळसा कुणाचंच ऐकत नाही, आणि कुजतही नाही. वर आईची जात्यावरची ओवीही म्हणून दाखवली:

बांधाला गं बांध, मधी बोरीची सावली
दोगं भाऊ मोजिती, कुणाला न्हाई घावली

साहेबांनी त्याच दिवशी पत्र धाडलं. पुढं दीड महिना रफिकची गाडी दिसली की साहेबांच्या आधी अंबादासच फाटकाला. मळ्याचा मालक अरबाब मागनं यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला करायचा. अंबादास काही हलायचा नाही.

उत्तर आलं. बापाला आठवलं होतं, त्यांच्या गावातही जुनी माणसं तसाच कोळसा पुरत. एवढी खात्री पटली की म्हाताऱ्यानं पाद्री बोलावला, सरपंच बोलावला, सगळं गाव गोळा केलं, शेजाऱ्याला पुढं उभं केलं आणि झाडांपलीकडं खणलं. नुसती माती. मग शेजाऱ्यानं फावडं घेतलं, अकरा पावलं अलीकडं येऊन खणलं. हातभर खाली कोळसा. वर खापर.

आम्हा सगळ्यांना एकदमच उमगलं. साहेबांच्या आज्यानं कधीतरी दगड उचलून अकरा पावलं पुढं नेला होता.

झाडांचं काय झालं, रफिकनं हळूच विचारलं. पाद्र्यानं मिटवलं होतं. झाडं उभी राहतील, फळं दोन्ही घरात निम्मी निम्मी. शेजारी कबूल झाला. हसून हसून त्याला नाही म्हणायला दमच उरला नव्हता, असं बापानं लिहिलं होतं.

अंबादास मान खाजवीत पुढं झाला. "साहेब, चूक माजी. मी तुमाला आर्दंच सांगितलं."

साहेबांनी वर पाहिलं.

"दगुड हलवायचा तर संगं कोळसाबी हलवायचा आसतो. तुमच्या आज्यानं निम्मंच काम केलं बगा."

साहेबांच्या मिशीत काहीतरी हललं. तुमच्या गावात मग खणलं तर कोळसा सापडतो का, त्यांनी विचारलं.

"सापडतो की," अंबादास आळ्यात वाकून माती ओढत म्हणाला. "दर साली नव्या जागंला."