चिमणाबाईची कवळी

शिवाजी पेठेत चिमणाबाईच्या तोंडी लागायला तालमीतले पैलवानसुद्धा कचरत. शेजारच्या कृष्णातला मात्र खुमखुमी भारी. त्यानं आपली म्हैस तिच्या खुंट्याला बांधली आणि वर तिच्याच नाकापुढं बोट नाचवलं. चिमणाबाईनं ते बोट कडकडून चावलं.

टाके घालून घेऊन कृष्णात थेट पोलीस चौकीत गेला. जोतीराम हवालदार म्हणाला, "चावली न्हवं? म्हंजे साधी दुखापत. कलम तीनशे तेवीस. आमी अटक करू शकत न्हाय. हत्यार असतं तर तीनशे चोवीस लावलं असतं."

"हत्यारच हाय की!" कृष्णात उसळला. "म्हातारीचं दात सोताचं कुठं हाईत? कवळी हाय ती. इकत आणलेली वस्तू!"

हवालदाराला पटलं. त्यानं पंच बोलावून कवळी जप्त केली आणि पुडीवर लाखेचं सील ठोकलं.

चिमणाबाईला जामीन मिळाला, दात मिळाले नाहीत. कळंब्याच्या तुरुंगाला ती भीत नव्हती, पण बोळक्या तोंडाची तिला लाज वाटे. शिवी हासडावी तर निम्मी हवाच बाहेर पडे आणि गल्ली फिदीफिदी हसे. शेवटी तिनं तोंडाला पदर लावून बोलणंच टाकलं.

खटला उभा राहिला. "गुन्हा कबूल आहे?" मॅजिस्ट्रेटनी विचारलं.

"फाएब, फगळं फांगते—"

सगळं कोर्ट खिदळलं. चिमणाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचे वकील दत्तोपंत ताडकन उठले. "साहेब, आरोपीचं तोंडच सरकारजमा आहे. तिनं बाजू मांडायची कशी?"

ओठ चावत मॅजिस्ट्रेटनी सील फोडायला सांगितलं. चिमणाबाईनं कवळी तांब्यातल्या पाण्यानं धुतली, बसवली, दोनदा कटकट वाजवून पाहिली.

"व्हय, चावले! 'बोट मागं घे' म्हटलं, त्यानं घेतलं न्हाय. मी तरी काय करू?"

"जखम दाखवा," मॅजिस्ट्रेट कृष्णातला म्हणाले. पुढं यायची वाट चिमणाबाईच्या शेजारूनच होती. कृष्णातनं हात खिशात घातला. "ऱ्हाऊ दे साहेब. मिटवून टाकतो."

"आदी म्हस सोड!" चिमणाबाई कडाडली.

"सोडतो की, आक्का."

कोर्टानं तडजोडीला परवानगी दिली. परतीच्या टांग्यात चिमणाबाईनं तुंबलेलं सगळं बोलायला घेतलं. दत्तोपंत घर यायच्या आधीच, अर्ध्या वाटेत पापाच्या तिकटीला उतरले.