टेंभुर्णीच्या शिंदीचा जबाब

मी शिंदीचं झाड बोलतोय. जरा घाईत बोलतोय, कारण कुऱ्हाडवाले घटकाभर पाणी प्यायला बसले आहेत आणि माझं निम्मं खोड तुटलं आहे. ते उठायच्या आत मला एका बाईविषयी सांगायचं आहे. तुळजाबाई तिचं नाव. माझ्या बुंध्याशी शेकडो माणसं बसून गेली, पण तिच्याएवढ्या छातीचं एकही नव्हतं.

माझा जन्म टेंभुर्णीच्या ओढ्याकाठचा. कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही. दोन पुरुष उंच झालो तेव्हा निजाम सरकारच्या आबकारीचा, म्हणजे दारूवर कर घेणाऱ्या खात्याचा, माणूस आला आणि माझ्या खोडावर आकडा घालून गेला. त्या दिवसापासून मी सरकारी! मच्छिंद्र नावाचा गडी रोज संध्याकाळी वर चढे, माझ्या गळ्याला खाच पाडी आणि खाली गाडगं बांधी. पहाटेपर्यंत त्यात रस साठे, आणि तो इतका गोड असे की मुंग्या गाडग्याभोवती जत्रा भरवीत. पण ऊन चढलं की तोच रस फसफसतो, आंबतो आणि माणसाला झिंग आणतो. हे मला ठाऊक, मच्छिंद्राला ठाऊक आणि पिणाऱ्यांना तर फारच ठाऊक. तुळजाबाईला मात्र ते ठाऊक नव्हतं.

तुळजाबाई म्हणजे रखमाजीची बायको, घरच्या शेतीत राबणारी. तिचा एकुलता एक मुलगा बद्रीनाथ सतरा वर्षांचा होता. भोकरदनच्या शाळेत उर्दूतून शिकून तो मिडलच्या परीक्षेला बसणार होता आणि शेवटचा महिनाभर अभ्यासाला घरी आला होता. वाचून वाचून त्याचे डोळे जळजळत. शेजारच्या द्वारकाबाईनं सल्ला दिला, "पहाटंची शिंदी पाज त्याला. बिलकुल थंड असती."

झालं! तुळजाबाई झुंजूमुंजू होताच तांब्या घेऊन हजर. मच्छिंद्र ताजा रस द्यायचा आणि ती तांब्या घेऊन तशीच ज्वारी काढायला शेतात जायची. तांब्या बांधावर. दुपारी भाकरीला घरी आली की मुलापुढे पेला धरायची. तोवर तांब्यावर हा एवढा फेस! तिला वाटे, फेस जितका जास्त तितका थंडपणा जास्त. पोरगा पिऊन संध्याकाळपर्यंत घोरत पडे, तर ही माउली शेजारणीला कौतुकानं सांगे, "बाई, गुण आला! किती शांत झोपून राह्यलाय." मी तोंड असून नसल्यासारखा उभा होतो.

बद्री नापास झाला. त्यानंतर तो दुपारचा स्वतःच माझ्याकडे येऊ लागला. आईचा तांब्या त्याला पुरेना. वर्ष फिरलं तशी त्याची भूक मेली, हात थरथरू लागले, सकाळी उठलं की आधी उलटी. गणितातला पहिला होता तो, आणि आता साधा पाढा म्हणताना अडखळे. पुस्तकं घरी आढ्याला टांगून ठेवलेली होती.

एके दिवशी तुळजाबाई मच्छिंद्राशी भांडायला आली. "माझ्या पोराला का देतोस रे मेल्या?" तिथं भुजंगराव बसले होते. हे गृहस्थ एकेकाळी तालुक्यात अव्वल आलेले, फारसी-उर्दूचे पंडित. आता पोट पाण्यानं फुगलेलं, पाय सुजलेले. ते हळूच म्हणाले, "वहिनी, त्याला कशाला बोलता? पहाटंची शिंदी दुपारी दारूच व्हती. फेस आला म्हंजे आंबली. पोराला गोडी कुनी लावली, ते जरा इचार करा."

ती मटकन खाली बसली. मला वाटलं, आता ही रडेल, कपाळ बडवील, नाही तर मुलाला फरफटत घरी नेईल. यातलं काहीच झालं नाही. बद्री पेला हातात धरून बसला होता. त्याच्यासमोर जाऊन ती पाच-पन्नास माणसांदेखत म्हणाली, "लेकरा, पहिला पेला म्या दिल्ता. चुकी माझी हाय. आता तुला यातून म्याच काढीन."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज दुपारी आढ्याची पुस्तकं काढून माझ्याकडे येऊ लागली. शिंदी पिणाऱ्यांच्या बैठकीत बाईमाणूस! गावात हसू झालं. रखमाजी धावत आला. "घरी चाल. खानदानाची अब्रू घालवून राह्यलीस तू!"

"अब्रू घरीच हाय, तिला कुनी नेत न्हाई," ती म्हणाली. "पोरगं हितं हाय, म्हनून म्या हितं."

रखमाजी आल्या पावली परतला. पिणाऱ्यांकडे पाठ करून ती बसे आणि मुलाला म्हणे, "वाच." तिला उर्दूचं अक्षर कळत नव्हतं. बद्रीनं दोन दिवस एकच पान पुन्हा पुन्हा वाचून तिला बनवायला पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "हे कालचंच हाय. 'लेकिन लेकिन' काल बी इतक्याच वेळा आल्तं. म्होरलं वाच." त्यावर बद्री हसला, वर्षानंतर पहिल्यांदा. भुजंगरावही हसले आणि सरकून जवळ बसले. बद्री अडला की ते अर्थ सांगू लागले. पेला मात्र त्यांच्या हातून सुटला नाही. त्याच पावसाळ्यात पोट फुगूनच ते गेले. असा विद्वान माणूस मी बुडवला, हे मला कबूल केलंच पाहिजे.

सगळं सरळ झालं असंही समजू नका. पिणं तोडलं तेव्हा बद्री थरथर कापे, घामानं भिजे, आईला वाटेल ते बोले. एकदा तर पळून दुसऱ्या गावच्या शिंदीखान्यात जाऊन बसला. ती भर उन्हात सहा कोस चालत गेली, शेजारी बसली आणि पुस्तक उघडून पुढे धरलं. शिवी नाही, शाप नाही. तो ढसाढसा रडला आणि उठला. त्यानंतर ताक-कण्या, ज्वारीची पेज, आणि आईचा पहारा. पुढल्या साली तो पास झाला. काठावर झाला, पण झाला. आज तो गावच्या शाळेत मास्तर आहे आणि चाळीस मुलं त्याच्यापुढे बसतात.

आता सत्तेचाळीस साल आहे. निजाम सरकारची तिजोरी माझ्यासारख्यांच्या रसावर चालते, म्हणून सत्याग्रही शिंदीची झाडं तोडत सुटले आहेत. आज सकाळी कुऱ्हाड घेऊन पुढे आला तो बद्री मास्तरच! पोलीस येतील, त्याला जेलात नेतील, हे साऱ्यांना माहीत आहे. तुळजाबाई त्यांची भाकर घेऊन आली आहे. केस पांढरे झालेत, कंबर वाकली आहे.

हे बघा, उठले ते. तुळजाबाईही उठली.

"बद्री, कुऱ्हाड इकडं आन."

"माय, तुला झेपायची न्हाई. जल्दी घरी जा, फौजदार यील."

"यिऊ दे. पहिला पेला माझ्या हातचा व्हता. शेवटला घाव बी माझ्याच हातचा पायजे."

बद्रीनं कुऱ्हाड तिच्या हातात दिली आणि तो बाजूला झाला. तिचे डोळे भरून आले आहेत. पण एवढ्या थकल्या हातांचा घाव कितीसा खोल जाणार? तो उथळच पडणार आणि ती पुन्हा खाली बसणार. तिचं ओझं तसंच राहणार.

माणसांनो, तुमचा निरोप घेतो. तिनं कुऱ्हाड उचलली आहे. ओढ्याच्या बाजूला माणूस नाही, तिकडे मी आतापासूनच कललो आहे. तिची कुऱ्हाड नुसती टेकली तरी मी पडणार आहे.