अंड्यांमागचा वाडगा

"उचला हो आई, उचला," असं पुटपुटत ती प्रयोगशाळेचा जिना धडाधड उतरत होती. सासूबाई फोन उचलत नव्हत्या. उचलणार कशा? आज फ्रिज धुवायला काढते, असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं, आणि एकदा हातात फडकं आलं की त्यांना जगाचं भान उरत नसे.

प्रयोगशाळेतलं थंडाव्याचं यंत्र रात्रीत बंद पडलं होतं. बारीक तंतू हलवत काचेला चिकटून वाढणारी, कणीएवढी जेलीफिशची पिल्लं पाण्यात विरघळून गेली होती. ज्या खाडीतून ती आणली, तिथे आता धक्का बांधला होता. पुन्हा मिळणं शक्य नव्हतं. इतक्या वर्षांच्या संशोधनाची सगळी भिस्त आता घरच्या फ्रिजमधल्या, त्यांतलीच थोडी पिल्लं ठेवलेल्या एका वाडग्यावर होती. अडीअडचणीला असावा म्हणून तिनेच तो अंड्यांमागे दडवला होता. सांगितलं असतं तर सासूबाईंनी त्या फ्रिजमधलं पाणीही प्यायलं नसतं, म्हणून सांगितलं नव्हतं. आता तेच अंगाशी आलं होतं.

घरी पोचली तेव्हा फ्रिज लखलखत होता आणि वाडगा सिंकमध्ये होता.

"यातलं पाणी?"

"ओतलं. वास मारत होतं." सासूबाई ओशाळल्या होत्या, पण भलत्याच कारणाने. "बुडाचे ठिपके काही निघेनात गं. किती घासलं. शेवटी मीठ घालून भिजत ठेवलंय. आता साबण लावते."

"नको!"

तिने वाडगा ओढून घेतला. मग तिने सगळं सांगितलं. जिवावर बेतणार असं वाटलं की ही पिल्लं आधीच पायाखाली टणक कवचाचं बी धरून ठेवतात. ते ठिपके म्हणजे तेच. पण जिवंत की मेलेलं, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

तिने प्रयोगशाळेतून आणलेलं समुद्राचं पाणी वाडग्यात भरलं, तेव्हा सासूबाईंनी फ्रिजमधली अंडी मागे सारली आणि वाडगा पुढे ठेवला.

पुढे कितीतरी दिवस तिला फ्रिज उघडायचा धीर होईना. दुधासाठीसुद्धा ती नवऱ्याला पाठवायची. सासूबाई मात्र येताजाता दार उघडून वाकत होत्या.

एका सकाळी त्यांनी तिला हळूच हाक मारली.

"जरा बघ गं. माझा चष्मा खराब झालाय, की ठिपक्याला मिशा फुटल्यात?"