पिशवीत रायफल, खिशात बोल्ट

गोबाबिस गावातल्या दुकानात माझ्या धाकट्या भावानं, रिकोंजानं, बिबट्याच्या ठिपक्यांची पिशवी उचलली.

"ताई, ही बघ! खांद्याला लावून गेलो की नाव निघेल."

"गाढवाचं निघेल," मी म्हटलं. बाबांची रायफल दुर्बिणीसकट त्यात घालून पाहिली, तर नळीचं टोक शिवणीला टेकत होतं. पिकअपच्या हादऱ्यांनी ते कापड किती टिकणार? मी साधी मातकट घेतली. आत जाड अस्तर, रायफलीपेक्षा वीतभर लांब आणि चेन पार टोकापर्यंत, म्हणजे रायफल आडवी ठेवून मधे धरून उचलता येते. नळीला धरून ओढायची बुद्धी कुणाला व्हायला नको.

बाकी रीत बाबांचीच. रायफल रिकामी करायची, बोट घालून खात्री करायची, बोल्ट काढायचा, मगच चेन ओढायची. बोल्ट म्हणजे गोळी आत सारणारा लोखंडी दांडा. तो नसला की रायफल म्हणजे काठी. तो पिशवीत ठेवायचा नाही, दुसऱ्याच्या अंगावर ठेवायचा. बाबा गेल्यावर तो माझ्या झग्याच्या खिशात आला. कारण सगळ्यांना ठाऊक होतं, मलाही. रिकोंजाचा राग नाकाच्या शेंड्यावर. मधला वेमुना शांत, वासरालासुद्धा कधी ओरडला नाही.

बाबांच्या वर्षाच्या कार्याला कापायचा म्हणून कपाळावर चांद असलेला बैल राखला होता. कार्याच्या आदल्या दुपारी तो गोठ्यात दिसेना. रिकोंजा पिऊन आला आणि हसत म्हणाला, "मी विकला. मेलेल्याला कशाला हवंय मटण?"

वेमुना म्हणाला, "बाबांचा होता रे तो."

"तुझा होता म्हण! तू त्यांचं शेपूट!" रिकोंजानं काठी फिरवली. वेमुनाच्या भुवईवरची कातडी फाटली, डोळा रक्तानं भरला. मी रिकोंजावर धावले, त्याच्या दंडाला लोंबकळले. खिशातला बोल्ट मुठीत गच्च धरला होता, कारण आता हा रायफलीकडेच पळणार, असं मला वाटलं.

मागे चेनचा आवाज आला.

वेमुना पिकअपजवळ होता. त्यानं पिशवी नीट आडवी ठेवली होती, बाबांनी शिकवल्याप्रमाणे. रायफल घेऊन तो आला आणि दुसरा हात पुढे केला.

"ताई, बोल्ट."

आवाज नेहमीचाच, आणि त्यानंच माझी गाळण उडाली.

"नाही देणार."

त्यानं मला ढकललं. मी पडले, बोल्ट धरलेली मूठ मातीवर आली. त्यानं रायफलीचा लाकडी दस्ता उचलून तिच्यावर हाणला. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. पुन्हा हाणला. मी गुरासारखी ओरडले, पण मूठ सोडली नाही. रिकोंजा मधे पडला, तर त्याच्या तोंडावर दस्ता बसला. दात मातीत पडले. तो रांगत माझ्याजवळ आला, तोंडातून रक्ताची लाळ गळत होती.

"दे गं त्याला, ताई. मरू दे मला. तुझा हात जाईल."

"गप्प बस!"

तिसऱ्या घावाला कातडी फुटून हाड बाहेर आलं. वेमुनानं ते पाहिलं आणि रायफल टाकली. मग तो गोठ्याच्या कुंपणाशी जाऊन ओकला.

रिकोंजानं त्यानंतर दारू सोडली, असं म्हणतो तरी. निम्मं खोटं असेल. पण तो रोज येतो, माझं आंबट दूध घुसळून देतो, बोळक्या तोंडानं थट्टा करतो. त्याला मी केव्हाच माफ केलं. आयुष्यभर मी भलत्याच भावाला घाबरत होते, याची मात्र मला अजून चीड येते.

परवा बिबट्यानं वासरू ओढलं. वेमुना दाराशी आला. खांद्याला तीच पिशवी, नजर जमिनीवर.

"ताई, बोल्ट हवा होता."

"खिशात आहे," मी म्हटलं आणि उजवा हात पुढे केला. "बोटं वळत नाहीत. तूच काढून घे."

तो माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग पिशवी भिंतीला टेकवून, माझ्या खिशाला हात न लावताच निघून गेला.

काल बिबट्यानं आणखी एक वासरू नेलं.